गाण्यात पळून गेलेली बायको

मांडवी, रत्नागिरी
डिसेंबर १९९९

ती. दादा,

पद्मजाचा नमस्कार, वाकून केला असं समज, कारण कंबर धरली आहे. विमलावहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, कड्यावरच्या गणपतीला सध्या खालूनच हात जोड, वर चढू नकोस.

मी नवऱ्याला सोडून गेले, असं तुला दापोलीच्या एस.टी.त कळलं आणि तू मला शोधायला निघतो आहेस, असा निरोप आला. दादा, मी घरातच आहे. गेले, ती फक्त गाण्यात.

झालं असं. आमच्या ह्यांनी नोकरी सोडून गिटार धरली, हे तुला ठाऊक आहे (ऐकून तू नुसतं पाणी मागितलं होतंस). पहिल्या कार्यक्रमात ह्यांनी गिटार वाजवणं इतकं लांबवलं, की हॉलच्या शिपायाने मेन स्विच बंद केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या शिपायासाठी. त्यानंतर महिनाभर गिटार खोळीत आणि हे खाटेवर. मलाच बघवेना. मग ड्रम वाजवणारा अभय म्हणाला, "यज्ञेशदादा, तुमच्या गाण्यात ब्लूज पायजे." ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांतून आलेलं दुःखाचं गाणं. आता ह्यांना दुःख कसलं? कलमं मोहरलेली, जेवण वेळेवर, आमची उर्वी वर्गात पहिली. तेव्हा दुःख म्हणून मला पळवलं. 'सकाळी उठलो, बायको गेली, चहाही नाही ठेवून गेली' हे गाणं ह्यांनी डोळे मिटून असं आळवलं, की अख्खी मांडवी हळहळली. शेजारच्या कमळाकाकू ह्यांना डबा देऊ लागल्या. दार मीच उघडायचे, डबा मीच घ्यायचे, तरी जाताना म्हणायच्या, "बिचारा एकटाच गं!"

गेल्या शनिवारी किनाऱ्यावर पुन्हा कार्यक्रम. पुढच्या रांगेतल्या बायका पदराला डोळे पुसू लागल्या, तशी मी उठले, स्टेजवर चढले आणि माइक ओढून घेतला. मला एवढंच सांगायचं होतं, की मी इथे आहे. पण अभय वाजवायचा थांबेना, म्हणून जे तोंडात आलं ते ठेक्यातच म्हटलं:

"गेले नाही रे, घरीच आहे मी,
तुझ्याच शर्टाला बटण लावते मी!"

(ठेक्यात 'अहो' बसेना. देव क्षमा करो.) शिट्ट्या काय, वन्समोअर काय! कमळाकाकू खुर्चीवर उभ्या. हे मात्र गिटार खोळीत घालून माझ्यापुढे दहा पावलं चालत घरी आले. आल्या आल्या सरळ ताटावर बसले. मला वाटलं, आता खरंच माहेरी जावं लागणार. शेवटी ताटातून मान वर न करता म्हणाले, "पुढच्या वेळी वरच्या पट्टीत घेशील?"

वहिनीला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
पद्मजा

ता.क. : तू ये, पण मला न्यायला नको, आईला घेऊन ये. मुंबईच्या एका हॉलचं आम्हा दोघांना बोलावणं आलंय. तोवर उर्वीला कोण बघणार?

ता.क. दुसरा : नवं गाणं मी लिहितेय. त्यात नवरा पळून जातो. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.