परत येण्याचं कारण

पिंप्राळा, जळगाव
२ नोव्हेंबर, रविवार

प्रिय मोहिनी,

तुझा मेसेज मिळाला. विमानतळावरच्या त्या बाजूच्या खोलीतून बाहेर आल्यापासून आई गप्प आहे, विचारलं तर दमले म्हणते, आणि माझं नाव निघालं की उठून जाते. तिथे नेमकं काय झालं असेल, असं तू विचारलंस. मी त्या खोलीत नव्हतो, पण काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि ते मोबाइलवर अंगठ्यानं लिहिण्यासारखं नाही. म्हणून कागद घेतला. लिहून झालं की भूषण स्कॅन करून पाठवेल. तुझे दिवस भरत आलेत, तेव्हा पाय वर घेऊन बस आणि सावकाश वाच. घाबरण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा धंदा तू लहानपणापासून बघितलास, पण तो मी शिकलो कसा हे तुला कधी सांगितलं नाही. धुळ्याला कचेरीबाहेर टेबल टाकून मी प्रतिज्ञापत्रं टाइप करायचो. पासपोर्ट-व्हिसाची अक्षरओळख नव्हती. पण शेजारच्या बाकावर लोक बसायचे आणि बोलायचे. कुणाला कुठल्या देशानं नाकारलं, साहेबानं काय विचारलं, हा काय बोलला आणि कुठे फसला. मी टाइप करता करता ऐकायचो. दोन वर्षं नुसतं ऐकलं आणि मग पहिला फॉर्म भरला. त्यातून मला एकच गोष्ट कळली, आणि तिच्यावरच पुढे पिंप्राळ्यातलं हे ऑफिस उभं राहिलं. देश कुठलाही असो, फॉर्मची पानं कितीही असोत, साहेबाला विचारायचं असतं एकच: बाबा रे, तू परत का जाशील? बँकेचं स्टेटमेंट, सातबारा, नोकरीचा दाखला, सगळी त्याच एका प्रश्नाची उत्तरं. रावेरकडचे लोटनआबा अमेरिकेला मुलाकडे निघाले होते. मुलाखतीत साहेबानं हाच प्रश्न केला. मी त्यांना तीन पानं पाठ करून दिली होती, ती बाजूला ठेवून आबा म्हणाले, केळीची बाग निसवायला आली आहे, घडांना टेकूच्या दांड्या कोण लावणार, तुम्ही? दोन मिनिटांत व्हिसा. तेव्हापासून मी लोकांना पाठांतर देणं बंद केलं.

आता आपल्या घरातलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण तिकडे टोरांटोत तुझ्या वर्क परमिटचं नूतनीकरण अडकलेलं, अशा वेळी देश सोडणं धोक्याचं, म्हणून तुला इकडे आणता येईना. तुझी आई म्हणाली, पोरगी माहेरी येत नाही तर माहेर तिच्याकडे जाईल, त्यात काय. मला तर हे बोलणं एवढं आवडलं की त्याच संध्याकाळी आम्हा दोघांचे फॉर्म काढले. जूनची गोष्ट. आणि इथेच तुझ्या आईनं ते सुरू केलं, ज्याला ती निरवानिरव म्हणते.

तुला आठवत नसेल, तुझी पणजी काशीला निघाली तेव्हा महिनाभर आधीपासून घर आवरत होती. ज्याचं त्याला देऊन टाकायचं, मागे कशात जीव अडकू द्यायचा नाही, मोकळं होऊन निघायचं. आईच्या डोक्यात तेच. आधी शेजारच्या कुंदाबाईंचं शेवयांचं मशीन चार वर्षांनी परत गेलं, तेव्हा मी हसलो. मग ती मला घेऊन शिरपूरला गेली आणि तिच्या वडिलांच्या जमिनीतला वाटा अभिमनमामाच्या नावे हक्कसोड करून आली. भावाचं तोंड गोड राहावं म्हणून बहिणी सोडतातच, पण हिनं वीस वर्षं सोडला नव्हता, तो आता सोडला. मग म्हणाली, घरही भूषणच्या नावावर करा, एवढ्या लांब जायचं, मागे पोरांना कचेऱ्या नकोत. तेही बक्षीसपत्र झालं. रजिस्ट्रारच्या ऑफिसातून बाहेर पडताना तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आते बठ्ठं आटपनं. मी मोकळी शे."

मी तिच्या शेजारी उभा होतो, पोरी. तीस वर्षं लोकांना सांगत आलो, परत येण्याची कारणं कागदावर दाखवा, आणि माझ्या देखत माझ्याच बायकोनं एकेक कारण पुसून टाकलं. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण इतक्या वर्षांत ती इतकी हलकी झालेली मी बघितली नव्हती, तेव्हा आड कसा येऊ? शिवाय अंगात मस्ती होती. या बन्सीलालनं लिहिलेल्या कव्हरिंग लेटरला कोण नाही म्हणतो, असं वाटलं.

जुलैच्या शेवटी दोन्ही अर्ज फेटाळले गेले. एका वाक्याचं कारण होतं: मुक्काम संपल्यावर तुम्ही आमचा देश सोडाल, याची मला खात्री वाटत नाही. असली पत्रं मी शेकड्यांनी वाचून दाखवलीत, गिऱ्हाइकाला चहा पाजून धीर दिलाय. हे वाचून दाखवायला मला दोन दिवस लागले. साहेबाची चूक काही नव्हती. त्याच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं. ना जमीन, ना घर, नवराबायको दोघंही निघालेले, मुलगी तिकडेच. मागे उरतं काय? तुला तेव्हा "फाइल प्रोसेसमध्ये आहे" असं सांगितलं, ते खोटं होतं. पोटुशी पोरीला काय सांगणार?

भूषण म्हणाला, घर परत तुमच्या नावावर करू. चांगला मुलगा आहे, पण धंदा त्याला अजून कळलेला नाही. नकारानंतर महिन्याभरात घर परत नावावर आलं की साहेब समजतो, नाटक चाललंय. आणि आपल्याकडे वेळ कुठे होता? तू नोव्हेंबरात बाळंत होणार. असं जोडपं माझ्यासमोर आलं असतं तर मी काय सल्ला दिला असता, याचा विचार केला. उत्तर पाच मिनिटांत सापडलं, कारण तो सल्ला मी दर महिन्याला कुणाला ना कुणाला देतोच: दोघांनी जाऊ नका, एकानं मागे थांबा.

मग मी माझा अर्ज केलाच नाही. एकट्या तुझ्या आईचा केला. तिला सांगितलं की गुडघा फार धरतोय, एवढा वेळ विमानात बसवणार नाही, आणि इथे ऑफिसला पोरांच्या अॅडमिशनची गर्दी. खरं सांगितलं असतं तर तिनं सही केलीच नसती. म्हणाली असती, मग मीही जात नाही, आणि वर तो साहेब कोण लागून गेला. तुलाही गुडघाच सांगितला. माझे गुडघे ठणठणीत आहेत. कालच मेहरूण तलावाला फेरी मारून आलो.

एकोणीस दिवसांत व्हिसा आला. घरात पेढे आले, पण तुझी आई माझ्याशी सरळ बोलेना. तिकीट निघालं, बिबड्या झाल्या, डिंकाचे लाडू झाले. आणलेलं सगळं तिथे लिहून जाहीर करायचं, लपवायचं काही नाही, हे मी तिला बजावून ठेवलं. रोज जेवण झालं की गळ्यात टॉवेल टाकून मी साहेब व्हायचो आणि प्रश्न विचारायचो. कुणाकडे निघालात? किती दिवस? ही उत्तरं चोख. घरी कोण असतं, असं विचारलं की ती ताट उचलता उचलता म्हणायची, दुकान. भूषण हसायचा, मीही हसायचो. म्हटलं, अगं, तिथे नवरा म्हणायचं. ती म्हणायची, बघू.

स्टेशनवर गाडी येईपर्यंत ती सामानाकडेच बघत होती. भूषण पाण्याची बाटली आणायला गेला तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "छत्तीस वर्षांत एकदा मागितलं, नातवाचं तोंड सोबतीनं बघू म्हणून. तेवढंही तुमच्या दुकानानं घेतलं." मी वाकून बॅगेचे पट्टे आवळले. खरं सांगितलं असतं तर ती गाडीत चढली नसती. तुझ्याकडे दुसरं कोणी पोहोचणार नव्हतं. मी तोंड बंद ठेवलं, आणि आयुष्यात मला ते एवढं जड कधीच गेलं नाही.

पुढचं तू मला सांगितलंस, आईनं तुला सांगितलं तेवढं. टोरांटोला काउंटरवर तिला हिंदीत विचारलं, घर में कौन है? आणि ती म्हणाली, कोई नहीं. जावई नवीनराव बाहेर वाट बघत होते आणि तिला आत त्या खोलीत नेलं, चाळीस मिनिटं. तू म्हणतेस, तिथे तिला कोणी तरी टाकून बोललं असेल. मला नाही वाटत तसं. तिच्या फाइलमध्ये सगळ्यात वर मी अर्जासोबतच्या पत्राची प्रत लावली होती, सगळ्या गिऱ्हाइकांच्या लावतो तशी. इंग्रजीत आहे, तिच्या नावानं मीच लिहिलेलं. सही करताना तिनं विचारलं होतं, काय लिहिलंय? मी म्हटलं, नेहमीचंच.

ते नेहमीचं नव्हतं. त्यात लिहिलं होतं: "आमच्या नावावर आता जमीन नाही आणि घर नाही. ते आम्ही स्वतः देऊन टाकलं, कारण लांबच्या प्रवासाला मोकळं होऊन निघायची आमच्याकडे रीत आहे. माझ्या पतीचंही तिकडे यायचं ठरलं होतं. मी जाऊ शकावं म्हणून ते मागे थांबले आहेत. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी त्यांना आठ दिवसांच्या वर कधी एकटं सोडलेलं नाही. त्यांना चहासुद्धा धड करता येत नाही. मी परत येईन." साहेबाला खरं तेवढंच लिहायचं, हा माझा नियम, आणि यात एक अक्षर खोटं नाही. त्या खोलीत फोनवरच्या दुभाष्यानं ते तिला हिंदीत वाचून दाखवलं असणार. साहेब विचारतात, बाई, हे खरं आहे का?

मला कसं कळलं म्हणशील. शुक्रवारी व्हिडिओवर तू तिला जबरदस्तीनं माझ्यासमोर बसवलंस, आठवतं? ती इकडेतिकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "चहा येतो का आता करता?" आणि उठून गेली. तू आत कुणाला तरी हाक मारत होतीस, तू ऐकलं नसशील. मी ऐकलं. चहाची ती ओळ त्या पत्राबाहेर कुठेही नाही, मोहिनी. त्यानंतर मला दुकान उघडवेना. शटर अर्धं वर करून आत बसून राहिलो.

तू मागे म्हणालीस, आईला सहा महिन्यांनंतरही ठेवून घेऊ, मुदतवाढीचा अर्ज नाना भरून देतील. भरीन. तिला राहावंसं वाटलं तर दहा मिनिटांत भरीन आणि चांगला भरीन. पण ते तिनं ठरवायचं, तू नाही आणि मीही नाही. मी साहेबाला लिहून दिलं की ती परत येईल. तिनं मला तसं काहीही लिहून दिलेलं नाही. ती गेली तेव्हा रागावून गेली, आणि माणूस रागावून गेलं की ते परतेल याची खात्री मलाही देता येत नाही. मी तरी साहेबापेक्षा वेगळा कुठे?

तर हे पत्र तुझं नाव घालून लिहिलं, पण ते तुझ्यासाठी नाही. हजारो माणसांची मनं मी त्यांच्या नावानं कागदावर उतरवली. स्वतःचं एकदाही नाही. तिनं जे ऐकलं ते परक्या देशात, बंद खोलीत, फोनवरच्या कुठल्याशा माणसाच्या आवाजात. माझ्याकडून तिनं अजून काहीच ऐकलेलं नाही. स्टेशनवर मी जे गिळलं ते हे. तेव्हा आता उठ, तिच्याजवळ जाऊन बस आणि पहिल्या ओळीपासून तिला मोठ्यानं वाचून दाखव. तिच्या हातात देऊ नकोस, दोन ओळी वाचून घडी घालून ठेवेल. आणि वाचताना ती मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली, तर आवाज चढव. थांबू नकोस.

तुझाच, आणि तुझ्या आईचा,
नाना