गेमचा दुसरा रिमोट

नाशिक, रविवार, २६ ऑक्टोबर २००८

काल लिहिलं की दादाने गेमला इंटरनेट जोडलं. चूक. जोडलं नव्या वहिनीने. तिचा लॅपटॉप वायफायवर चालतो. त्यातून गेमला एक केबल, लॅपटॉपवर एका चौकोनात टिक, आणि झालं. मला अक्षरं गिरवायला शिकवणारा दादा तिला म्हणाला, "गुरू भेटला बुवा!"

आता तो पुण्यातल्या मित्राशी खेळतो. माझा दुसरा रिमोट टीव्हीमागे पडून. वहिनी म्हणाली, "ताई, बसा ना बघायला." बघायला! सात वर्षं मी खेळत होते.

संध्याकाळी ती टिक काढायला हात गेला. काढली नाही, पण गेला तर होता. वहिनीचा काय दोष? तरी तो दुसरा रिमोट...

ओवाळणीत यंदा ड्रेस नको. दादाकडे माझा एक डाव मागणार, वहिनीदेखत. गुरुवारी, भाऊबीजेला.