पाळणाघरातली बढती

५ जानेवारी २०२६, सोमवार. सकाळी ६.१०

नवीन डायरी. जुनी बायकोच्या, वच्छलाच्या आजारपणात संपली, तिच्यात शेवटी नुसती औषधांची नावं. ही फक्त शास्त्रीय नोंदींसाठी. रडगाणं बंद. तंबाखू बंद. आणि पाळणाघरात कोणत्याही एका मुलात गुंतायचं नाही. प्रयोगशाळेत सगळे नमुने सारखे.

चौतीस वर्षं अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र विभागात काढली. पद लॅब अटेंडंट. पण विभाग कोण चालवतं हे एचओडीपासून सगळ्यांना माहीत होतं. आता आठ महिने सीमाच्या पाळणाघरात आहे. सीमा म्हणजे तिवशाच्या आमच्या शेजाऱ्याची, देवमनची मुलगी. वच्छला गेल्यावर मी घरी मोकळाच होतो, तर सीमा स्वतः येऊन म्हणाली, काका, माह्याकडे या, मले माणूस पाहिजे. जबाबदार माणूस मिळणं किती कठीण झालंय यावरून लक्षात येतं.

चतुराबाई (तिथं खिचडी करते, मुलांचं पाहते) म्हणते, दया आली म्हून ठेवलं सीमाताईनं तुमाले, घरी बसून वाळून चालले होते. चतुराबाईचं शिक्षण चौथी.

कागदावर माझं पद 'मदतनीस' आहे. प्रत्यक्षात समन्वयक.

७ जानेवारी, बुधवार

सतरा मुलं. दिवसभरात दुधाच्या बाटल्या बावीस, शू नऊ वेळा, शी चार वेळा. टेस्ट ट्यूब धुण्यात हयात गेली, त्यामुळे बाटली धुणं म्हणजे काहीच नाही. माझ्या हातच्या बाटलीला वास राहत नाही. सीमाने कौतुक केलं नाही, पण गृहीत धरलं. ते मोठं.

एक मुलगी दुपारी झोपतच नाही. अन्वी. वय दोन वर्षं तीन महिने. आई आरती बँकेत, वडील श्याम दर्यापूरला शाळेवर, रोज जाणं-येणं. सगळी मुलं झोपतात आणि ही गादीवर उभी राहून दाराकडे पाहून रडते. चतुराबाई थकली. प्रश्न माझ्याकडे आला. (सीमा म्हणाली, काका, पाहा बरं तुमी एखादवेळ.)

पद्धत ठरवली: पाठीवर चार बोटांनी, सेकंदाला एक थाप, सोबत तोंडाने खालच्या पट्टीत 'हूं हूं'. सुरुवात १.३०, झोप १.४१. अकरा मिनिटं.

९ जानेवारी, शुक्रवार

अन्वी: १.३०. सात मिनिटं. प्रगती.

बाकीच्या सोळा मुलांची रीडिंग अजून सुरू केलेली नाहीत. करणार आहे. आधी एक प्रयोग पूर्ण झाला पाहिजे. याला गुंतणं म्हणत नाहीत.

'बालनिद्रा: एक शास्त्रीय दृष्टी' असं पुस्तक लिहायचं पक्कं. प्रस्तावना डोक्यात तयार आहे.

तंबाखू एकदाच खाल्ली.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

अन्वीने स्वतःच्या हाताने तिळाचा लाडू दिला. अर्धा चाटलेला. मला 'आबो' म्हणते. आबाचं आबो कसं होतं यावर भाषाशास्त्रात काहीतरी असणार.

न्यायला आरती आली तर म्हणाली, आबा, घरी बी झोपताना तुमचंच नाव घेते. तिचा बाबा थापटायला गेला तं हात ढकलून देते, अशानं नाही म्हणते, आबोसारखं कर. मी म्हणालो, त्याला पद्धत शिकवावी लागेल, पाठवा एखाद्या रविवारी. ती हसली. पोरगी गुणाची आहे, अकोल्याकडची.

हे सगळं मी फक्त माहिती म्हणून लिहून ठेवतो आहे.

लाडू खाल्ला नाही. कागदात गुंडाळून फळीवर ठेवला. नमुना.

२७ जानेवारी, मंगळवार

पालकांच्या ग्रुपवर कुठल्यातरी लांबच्या शहरातला व्हिडिओ आला. तिथल्या एका पाळणाघरात पुरुष कर्मचाऱ्याने लहान मुलींशी फार वाईट केलं. मी अर्धाच पाहिला. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी पालक बराच वेळ अंगणात उभे. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. शेवटी मीच मधे जाऊन ठणकावून सांगितलं, असा माणूस ओळखू येत नाही हीच तर भीती आहे, तो तुमच्याआमच्यासारखाच दिसतो, म्हातारा असो की तरणा, लेकरांच्या जवळपास फिरकू देऊ नये.

सगळे एकदम गप्प झाले, माझ्याकडे पाहत राहिले. मुद्दा पटलेला दिसला.

२ फेब्रुवारी, सोमवार

कॅमेरे बसले. चार. पालकांना मोबाइलवर दिसणार. ही सूचना मी आठ महिन्यांपूर्वीच देणार होतो.

झोपायच्या खोलीतला कॅमेरा नेमका अन्वीच्या गादीवर आहे. म्हणजे आता आरतीला बँकेत बसून माझी पद्धत लाइव्ह पाहता येईल. उद्यापासून इस्त्रीचा शर्ट. केसांना तेल.

अन्वी: सहा मिनिटं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सीमा म्हणाली, काका, पोराईले धुणं-पुसणं, कपडे बदलणं, आता चतुराबाईच करत जाईल. तुमची कंबर दुखत असन.

माझी कंबर कधी दुखली नाही. पण साठी उलटलेल्या माणसाची मालकीण इतकी काळजी घेते, हे आजकाल कुठं पाहायला मिळतं? वच्छला असती तर तिला सांगितलं असतं.

चतुराबाई दिवसभर माझ्याशी गोड बोलत होती. काम वाढल्यामुळे डोकं फिरलं असावं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बढती!

आजपासून मी सुरक्षा प्रमुख. फाटकाजवळ खुर्ची, टेबल, रजिस्टर, शिट्टी. कोण आलं, कधी आलं, कोणत्या मुलाला कोण घेऊन गेलं, सगळं माझ्या हातात. सीमा म्हणाली, काका, हे काम दुसऱ्या कोणाच्या भरोशावर सोडता येत नाही. बोलताना ती जमिनीकडे पाहत होती. एवढी जबाबदारी सोपवताना माणूस भावुक होतोच.

फक्त आत जायचं नाही. सुरक्षेच्या माणसाने जागा सोडू नये, हे मलाही मान्य आहे. पाणी बाहेरच ठेवलंय, चहा चतुराबाई आणून देते.

अन्वीचं आजचं रीडिंग घेता आलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फाटकापासून झोपायची खोली लांब आहे, तरी आवाज येतो. १.३० ते २.१०. चाळीस मिनिटं. सगळी पोरं रडतात, पण तिचं रडणं वेगळं काढता येतं. शेवटी हुंदका अर्ध्यात तोडते.

चतुराबाई डोक्यावर थापटते, तीही भाकरी थापल्यासारखी. मी कागदावर पद्धत लिहून दिली, आकृतीसह. ती म्हणाली, मले काय कागद देऊन राहिले? पोरगी आबो आबो करून राहिली. मी काय दाढी लावून बसू?

सूचना: कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग आवश्यक.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पंचावन्न मिनिटं. रडून रडून ओकली. सीमाने फोन केला, आरती तीनला स्कूटीवर आली. मी उठून उभा राहिलो, म्हणालो, काही काळजी करू नका, पोटाचं नाही, झोपेचं आहे. ती माझ्याकडे न पाहता आत गेली. बँकेत मार्चअखेरचं टेन्शन असतं.

अन्वी तिच्या खांद्यावर होती, डोळे मिटलेले. रजिस्टरमध्ये लिहिलं: आरती, आत ३.०५, बाहेर ३.१२.

तंबाखू पुन्हा सुरू. पहाऱ्यावर जागं राहावं लागतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सुरक्षा प्रमुखाने नुसतं फाटकावर बसणं चूक आहे, फेरी मारली पाहिजे. हे आज लक्षात आलं.

झोपायच्या खोलीची एक खिडकी मागच्या बोळीत उघडते. फेरी मारताना बरोबर १.३० ला तिथं पोचलो. योगायोग. आत रडणं सुरू होतं. खिडकीखाली उभा राहिलो आणि खालच्या पट्टीत 'हूं हूं' सुरू केलं. भिंतीवर चार बोटं, सेकंदाला एक थाप. आत ऐकू गेलं असेल की नाही, सांगता येत नाही.

रडणं हळू झालं. मग थांबलं. सहा मिनिटं!

म्हणजे हाताची गरजच नाही. आवाज पुरे. पुस्तकात याला स्वतंत्र प्रकरण. खुर्चीवर परत आलो तेव्हा इतकं हलकं वाटत होतं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार केला. दूधवाल्यालाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सहा मिनिटं. चतुराबाईने आतून खिडकी थोडी ढकलून जास्त उघडी केली. तिच्यातही शास्त्रीय वृत्ती येते आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार. रात्री ८

आज श्यामला, म्हणजे अन्वीच्या वडिलांना, सुट्टी होती. ते घरी मोबाइलवर कॅमेरा पाहत होते. त्यांना खिडकीच्या गजामागे माणसाचं डोकं दिसलं. माझंच होतं. टाचा उंच करून आत पाहिलं होतं, झोपली की नाही ते. नाहीतर वेळ कशी नोंदवणार?

ते मोटरसायकलवर आले. मी बोळीतच होतो. कोण हाये तिथं, म्हणून ओरडले आणि माझी कॉलर धरली. शर्ट इस्त्रीचा होता.

मी शांत राहिलो. शास्त्रीय माणसाने पुरावा द्यावा. खांद्यावरच्या शबनम पिशवीतून ही डायरी काढली आणि त्यांच्यासमोर धरली, म्हणालो, वाचा, सगळं लिहिलेलं आहे, तारीख-वेळेसह.

त्यांनी तिथंच उभं राहून वाचलं. दोन पानं, मग मागची दोन. मला वाटलं, कॉलर सोडली, म्हणजे पटतंय.

मग म्हणाले, हे काय लिहून राहिले तुमी माह्या पोरीबद्दल? रोजच्या रोज?

मी म्हणालो, रीडिंग.

तोपर्यंत आरती आली होती. सीमा होती, शेजारचे दोघं-तिघं होते. श्यामने डायरी आरतीला दाखवली. तिने हातात घेतली नाही. लांबूनच पाहिली. चतुराबाई मधे पडली, मोठ्याने म्हणाली, अरे, लेकरू झोपत नाही म्हून गेला म्हतारा. त्या लेकरालेच उठवून विचारा की! तिला कुणीतरी गप्प केलं. श्याम बाप आहेत, मी समजू शकतो. मलाही मुलगी आहे.

डायरी सीमाने परत दिली. श्याम अन्वीला घेऊन गेले. ती या सगळ्यात झोपलेलीच होती.

पाच मिनिटं. आजवरचं सगळ्यात कमी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सीमा घरी आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणाली, काका, मले माहीत हाये तुमी कसे हाये ते. लहानपणी तुमच्याच खांद्यावर बसून मी जत्रेत फिरलो. पण नऊ जणायचे फोन आले. पाळणाघर बंद पडलं तं मी काय करू? आणि रडली.

मी म्हणालो, अगं, मी राजीनामा देणारच होतो, पुस्तकाला वेळ मिळत नाही. उलट बरं झालं. ती आणखीच रडायला लागली, तेव्हा तिला पाणी दिलं. पाठीवर हात ठेवणार होतो. ठेवला नाही.

जाताना दारात थांबून म्हणाली, कोणी इचारलं तं मी सांगीन, काका. खरं तेच सांगीन.

कोण विचारणार आहे?

२२ फेब्रुवारी, रविवार

पुस्तक: 'मूल का झोपत नाही?' एवढं एक वाक्य झालं. पुढचं सुचत नाही.

बाजारात एक ओळखीचे पालक दिसले. मी नमस्कार केला. त्यांना ऊन डोळ्यांवर आलं असावं.

मायाचा फोन आला अकोल्याहून. बाबा, या इकडं चार दिवस, पुनी तुमची आठवण काढून राहिली. पुनी म्हणजे पौर्णिमा, माझी नात, तीन वर्षांची. एरवी माया महिन्यातून एकदा फोन करते. या आठवड्यात तिसरा. सहजच केला असेल.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. अकोला. दुपारी ३

बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने आलो. जावई ललित घ्यायला स्टेशनवर आले होते. बॅग त्यांनीच उचलली. फार जपून बोलत होते, आजारी माणसाशी बोलतात तसं.

मायाने काही विचारलं नाही. सीमाने तिला सगळं सांगितलेलं आहे, हे आल्याबरोबर कळलं. सांगितलं नसतं तर मला सांगावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. काय झालं ते मला अठरा तारखेलाच कळलं होतं. त्याच्या आधीही. सीमा जमिनीकडे पाहून बोलत होती तेव्हाच.

जेवणं झाल्यावर मी दिवाणावर बसलो होतो. पुनी उशी ओढत आली. झोप आली होती तिला, डोळे चोळत होती. समोर उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

माया स्वयंपाकघरातून म्हणाली, घ्या ना बाबा तिले.

मी म्हणालो, हात ओले आहेत.

हात कोरडे होते. पुनी थोडा वेळ तशीच उभी राहिली, हात वर करून. मग तिने ते खाली घेतले, उशी उचलली आणि आईकडे गेली.