शिखराच्या जरा अलीकडे

मल्लेश्वरम, बेंगळूरु
१० मे १९९५

ती. सौ. शालनअक्कास परसूचा सा. न. वि. वि.

प्राचार्यांशी भांडून कॉलेज सोडलं, तेव्हापासून इथं फोटो मढवायच्या दुकानात आहे. मालक दिवसभरात ‘स्वल्प बेग’, जरा लवकर, एवढंच बोलतात. बाकी सोबत काचांची.

मागच्या गल्लीतली रंजिता वडिलांनी दार्जिलिंगहून आणलेला कांचनजंगाचा फोटो मढवायला आली. मी वाचनालयात जाऊन सगळं पाठ केलं. जगात तिसरा उंच, ८,५८६ मीटर, पाच शिखरांचा, अलीकडे सिक्कीम, पलीकडे नेपाळ. चाळीस वर्षांपूर्वी पहिले चढणारे वर पोचले, पण माथा तुडवला नाही. पवित्र शिखर, सिक्कीमच्या राजाला शब्द दिलेला. जरा अलीकडेच थांबले. हे ऐकताना ती फोटो न्यायचाच विसरली! मग रोज यायला लागली.

एकवीसला तिचा साखरपुडा आहे. मी जाऊन ताटं उधळणार. सांगून ठेवतो.

तुझ्या मायेचा भुकेला,
परसू

बेळगाव
१५ मे १९९५

चि. परसूस अनेक उ. आ.

तुझे दाजी म्हणतात, उधळायचीच तर आधी जेवून घे. मला हसू येईना. नववीत हरलास म्हणून कॅरम विहिरीत टाकलेला तू! त्या पोरीला चारचौघांत खाली बघायला लावू नकोस. तुझ्या त्या डोंगरवाल्यांसारखा फाटकाबाहेर थांब. माझी शपथ आहे. मग इकडे निघून ये, भाचा तुझी आठवण काढतो.

जिवाला जप,
तुझी अक्का

मल्लेश्वरम
२२ मे १९९५

ती. सौ. अक्कास सा. न.

शपथ पाळली. फाटकासमोर रांगोळी होती, तिच्या अलीकडे उभा राहिलो. रंजिता बाहेर आली. आत का येत नाहीस, म्हणाली. मी ऐटीत कांचनजंगाचं सांगितलं, की माथ्याला पाय लावायचा नसतो. ती रांगोळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, त्या डोंगराला बोलता येत नाही, मला येतं. एकदा विचारायचंस तरी. मी चपला घालूनच बाहेर आलेय.

प्राचार्यांवर ओरडलेला मी, अक्का, रांगोळीच्या अलीकडेच उभा राहिलो. आतून तिला हाक आली. तिनं पायरीवर चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि आत गेली.

फोटो अजून दुकानात आहे. न्यायला कुणी येत नाही.

लोभ कमी करू नकोस, आता तेवढाच उरलाय.

परसू