विलामेटचा पाऊस

३ नोव्हेंबर, सोम.
सकाळी साडेसहा. वाडीतल्या तळ्यावर, बावखलाकाठी २३ अंश. दव नाही.
सातला जेनीचा अमेरिकेहून फोन. तिच्याकडे अजून कालची संध्याकाळ. द्राक्षांची तोडणी संपली, बोटं अजून जांभळी आहेत म्हणाली. तीन वायनरींनी कायमचं बोलावलंय: कॅलिफोर्नियात नापा, ओरेगनमध्ये विलामेट, न्यूयॉर्क राज्यात फिंगर लेक्स. महिनाअखेर एकीला हो म्हणायचं.
"पप्पा, तू आयुष्यभर भूगोल शिकवलास. तिन्हीकडच्या हवेचा तक्ता करून दे ना. मग मी ठरवते."
नाशिकच्या एका वायनरीनेही विचारलंय. ती तिने मोजली नाही. आमच्या उमेळ्याहून नाशिक म्हणजे सकाळी निघून जेवायला पोचतो माणूस.
मुलीने काम दिलं म्हणून दिवसभर वाडीत उगाच ऐटीत फिरलो.

७ नोव्हें., शुक्र.
बायकोने, मो.ने, आज नाताळच्या वाइनची बरणी घातली. काळी द्राक्षं, साखर, यीस्ट, मूठभर गहू. एकवीस दिवस रोज एकाच वेळी लाकडी डावाने ढवळायची. वेळ चुकली की ती आठवडाभर बोलत नाही, म्हणून मीही घड्याळाकडे बघत असतो. जेनी लहानपणी स्टुलावर उभी राहून बरणीला कान लावायची. "आत कोणीतरी कुजबुजतंय." सगळं तिथून सुरू झालं.
नापा वाचलं. समुद्र थंडगार, त्यावरून धुकं उठतं आणि खाडीवाटे खोऱ्यात शिरतं. दहा-अकरापर्यंत वेली धुक्यात. मग कडक ऊन. रात्री पुन्हा गारवा. उन्हाळाभर थेंब नाही.
दुपारी पडलो तर डोळ्यांसमोर तेच. आपल्या केळी धुक्यात उभ्या, आणि त्यांच्यामधून जेनी कात्री घेऊन चाललीय. हाक मारली तर धुक्याने आवाज गिळला.
तक्त्यात लिहिलं: वणव्यांचा धूर, द्राक्षाला धुराचा वास लागतो. नापास.

११ नोव्हें., मंगळ.
२१.
फिंगर लेक्स. बोटांसारखी लांब, खोल तळी. उन्हाळ्यात पाणी ऊब साठवतं, थंडीत काठावरच्या वेलींना थोडी थोडी परत देतं. वाचलं आणि उठून बावखलावर गेलो. पाण्यात हात घातला. हवेपेक्षा कोमट! आमच्या पानवेली थंडीत करपत नाहीत त्या याच डबक्याच्या जिवावर. बापाने मला हे दाखवलं होतं, मी जेनीला. तिकडे तेच, फक्त बावखल मैलोन्‌मैल लांब.
तिथे हिवाळ्याआधी वेलीच्या गळ्यापर्यंत माती ओढतात. लेकराला पांघरूण घालावं तसं. फार आवडलं मला हे. बराच वेळ तेच मनात.
तरी लिहिलं: जीवघेणी थंडी, उन्हाळ्यात दमटपणा, बुरशी. नापास.

१४ नोव्हें., शुक्र.
विलामेट. डोंगररांगेला एक खिंड आहे, संध्याकाळी समुद्राचा वारा तिच्यातून आत येतो आणि तापलेले मळे निवतात. उन्हाळ्यात दिवस इतके लांब की नऊ वाजता उजेड.
वर्षाचा पाऊस बघितला. भरपूर. आपल्या निम्म्याने असेल, पण द्राक्षाला पुष्कळच. ऑगस्टमध्ये आपली वाडी कशी असते ते आठवलं: घोट्याएवढं पाणी, पानांवर काळे डाग, माणसांच्या पायांनाही चिखल्या. बिचारी वेल.
लिहिलं: अतिवृष्टी. नापास.
मो.ने डाव पुसता पुसता तक्ता वाचला. ती घरच्या बोलीत म्हणाली, मी शाळेच्या मराठीत लिहितो, कारण तिची बोली माझ्या हातात बिघडते: "तिन्ही पोरं नापास? मास्तर, पेपर कठीण काढलात की तपासणारा खवीस आहे?"
हसलो. मग हसू आलं नाही.

१६ नोव्हें., रवि.
तक्त्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "नाशिकचाही करू का?"

१९ नोव्हें., बुध.
२०. दव पडलं.
सातला फोन. आधी नुसती हसली. मग म्हणाली, "विलामेटचा पाऊस कधी पडतो, पप्पा?"
मी तक्ता समोर ओढला.
"तिकडे तो हिवाळ्यात पडतो. उन्हाळ्यात आभाळ कोरडं. तू वर्षाची बेरीज घेतलीस आणि सगळी जून ते सप्टेंबरमध्ये ओतलीस. उमेळ्याचा पाऊस ओरेगनला नेलास!"
मी म्हटलं, "चूक झाली गं. इथल्या माणसाला पाऊस म्हटला की चारच महिने."
शाळेत ती माझ्याच वर्गात होती, तिथे मला सर म्हणावं लागे. आज त्या आवाजात म्हणाली, "सर, हे नववीतलं आहे. तुम्हीच शिकवलंत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस हिवाळ्यात. चूक झाली की मुद्दाम?"
उत्तर देण्याआधी फोन ठेवला तिने. रागावून नाही. तिला कामावर जायचं असेल, असं लिहिणार होतो, पण तिकडे तर संध्याकाळ.

२० नोव्हें., गुरु.
काही लिहावंसं वाटत नाही. तापमान बघायचं राहिलं. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा.

२१ नोव्हें., शुक्र.
चूक की मुद्दाम? दोन दिवस स्वतःलाच विचारतोय. नववीच्या प्रत्येक तुकडीपुढे भिंतीवरच्या नकाशाला छडी लावून मी हेच सांगितलं. ते विसरलो असं म्हणायची सोय नाही. पण आकडा बघितला तेव्हा डोळ्यांपुढे खरोखर आमचीच वाडी होती, आमचाच ऑगस्ट. आणि ती वाडी पुढे आली याचं मला बरं वाटलं. तेवढं खरं आहे.
मला ती हवी आहे, जवळ. बस.

२३ नोव्हें., रवि.
चर्चमधली मिस्सा झाल्यावर वाडीत. जेनीने आठवीत लावलेला द्राक्षवेल बघितला. विहिरीच्या कठड्यावरून आंब्यात चढलाय. पानं बारा महिने, घड एकदाही नाही. नाशिकवाले छाटून छाटून वेलीला झोपवतात आणि उठवतात. हा आमचा लाडावलेला. कोणी झोपवला नाही, थंडी लागली नाही, नुसता वाढत राहिला.
त्याच्याखाली खुर्ची टाकून नवा तक्ता केला. वर्षाची बेरीज नाही, बारा महिन्यांचे बारा रकाने. पाऊस ज्याच्या त्याच्या महिन्यात.
मग बघत बसलो. विलामेट: नोव्हेंबर ते मार्च काळी शाई, वेल झोपलेला, वर पाऊस. एप्रिलला तो उठतो. जुलै-ऑगस्ट कोरे करकरीत. सुंदर दिसत होतं ते पान. मुलीचं प्रगतिपुस्तक बघावं तसं बघितलं.
पाठवलं. खाली लिहिलं: "तिन्ही पास. विलामेट पहिलं. आधीचा तक्ता मुद्दाम होता की नाही मला माहीत नाही, पण मला तू इथे हवी होतीस. तू तुझं बघ."

२५ नोव्हें., मंगळ.
उत्तर आलं नाही. दोन निळ्या खुणा आहेत, म्हणजे वाचलंय.
दुपारी झोपेत विलामेटचा पाऊस. आपल्यासारखा कोसळत नाही, बारीक, राखाडी, जणू कोणी हळू आवाजात वाचून दाखवतंय. मी छत्री शोधत होतो.

२८ नोव्हें., शुक्र.
बरणी उघडली. मो.ने फडक्यातून गाळलं. पहिला घोट मला. "कशी?"
म्हटलं, "गेल्या वर्षीपेक्षा तुरट."
"गेल्या वर्षीही हेच म्हणालात." मग विचारलं, "तिकडे नाताळात पाऊस असतो?"
"विलामेटला असतो. भिजत जावं लागेल तिला मिडनाइट मिस्सेला."
संध्याकाळी बघतो तर टेबलावर जेनीचा जुना पिवळा रेनकोट, धुऊन, घडी घालून. मला रडू आलं, म्हणून बावखलाकडे गेलो.

३० नोव्हें., रवि. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला.
तिच्याकडे अजून कालची संध्याकाळ. जेनीला हो म्हणायला अजून एक दिवस आहे.
उमेळे १८. रोजच्या आकड्याखाली आज आणखी तीन लिहिले, फोनवर बघून. नापा ९, धुकं. विलामेट ६, पाऊस. फिंगर लेक्स शून्याखाली २, बर्फ. ती कुठलं सांगेल ते कायम ठेवीन, बाकी खोडीन.
मो. चर्चची साडी नेसून मागे उभी राहिली. वाचलं. "आणि नाशिक?"
म्हटलं, "ते तिने मागितलंच नव्हतं."
ती खुर्ची ओढून बसली, आणि फोन तिने आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. सात वाजून गेलेत. मिस्सेला उशीर होतोय, पण दोघांपैकी कोणी उठत नाही.