ब्रेक लाव आणि हात सोड

१४ जानेवारी
मला हॉस्पिटलातून घरी आणलं. चौघांनी खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. शेजारची उम्म जुहैर गच्चीवरून बघत होती — "हळू रे, माणूस आहे ती, गादी नाही." सगळे हसले. मीही हसले असेन.

१७ जानेवारी
खुर्ची कुणीतरी पुनर्वसन केंद्राला दान दिलेली. आधीचा माणूस उंच असणार. फुटरेस्ट इतके खाली की पाय लोंबतात. "उशी ठेवू," माझा नवरा नायेफ म्हणाला. ठेवली. काय खायचं, खिडकी किती उघडायची, कोणाला भेटायचं — सगळं तोच ठरवतो. मी हो म्हणते. हो म्हणायला काही लागत नाही.

२० जानेवारी
पाऊस. काही नाही.

२५ जानेवारी
स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय उशीवरून घसरून खुर्चीखाली गेला. नायेफ ढकलत राहिला, मी बसून राहिले. मोजा लाल झालेला उम्म जुहैरला दिसला. अंगठ्याचं नख निघालं होतं.
"दुखतंय का?" नायेफने विचारलं. मग त्याच्याच लक्षात आलं, कमरेखाली मला काही कळत नाही. पट्टी बांधताना त्याचे खांदे हलत होते.
माझ्या मनात एवढंच आलं — मोजे नवे होते.

२९ जानेवारी
रिहाब आली. फिजिओथेरपिस्ट. पोरगेली दिसते, पण जीभ धारदार.
"ही उशी कसली? सोफा आहे का हा?"
तिने स्क्रू फिरवायची एक ॲलन चावी काढून माझ्या हातात दिली. नायेफने लगेच हात पुढे केला, "द्या इकडे, मी करतो."
"खुर्ची कोणाची?"
"तिची."
"मग तुम्ही चहा करा. मरमियाची पानं घालून."
मला पलंगावर बसवलं, खुर्ची समोर ओढली. मी स्क्रू सैल केला, फुटरेस्टची नळी वर सरकवली, पुन्हा आवळला. मग खुर्चीत बसवून बघितलं. मांड्या बसायच्या गादीवर सपाट टेकल्या पाहिजेत. गुडघे वर आले तर सगळा भार ढुंगणावर येतो आणि जखमा होतात. फुटरेस्टची पट्टी जमिनीपासून दोन-तीन बोटं तरी वर हवी, नाहीतर उंबऱ्याला अडकते. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. टाचांमागे पट्टाही लावला, पाय मागे घसरू नयेत म्हणून.
"आणि उतरताना-चढताना फुटरेस्ट आधी वर दुमडायचे," रिहाब म्हणाली. "त्यांच्यावर भार दिलात तर खुर्ची पुढे उलटेल. तुम्ही खाली, खुर्ची वर."
नायेफ चहा घेऊन दारातच उभा होता. चहा गार झाला.

३ फेब्रुवारी
ब्रेक लावले तरी नायेफ खुर्ची सोडत नाही. मी पलंगावरून खुर्चीत येते तेव्हा मागच्या दोन्ही मुठी धरून उभा असतो. बोटं पांढरी पडेपर्यंत. आज रिहाबने विचारलं, "मग ब्रेक कशाला दिलेत?"
मला कारण माहीत आहे. ऑक्टोबरात झाडावरून जैतुनाची फळं उतरवताना मी शिडीवर होते, शिडी त्याने धरली होती. त्याचा फोन वाजला. बोलायला तो थोडा बाजूला गेला.
या घरात हे कोणीच बोललेलं नाही. मीही नाही. आज लिहून बघितलं. वही मिटली आणि जेवले.

९ फेब्रुवारी
पडले. नायेफ दुकानात होता, कॉफी भाजायला. मी पलंगावर होते, पाणी हवं होतं. दोन्ही ब्रेक लावले, फुटरेस्ट दुमडले, सगळं रिहाबने सांगितलं तसं. खुर्चीवर भार टाकला आणि ती मागे सरकली. मी फरशीवर. फरशी गार आहे हे फक्त हातांना कळलं.
खिशातल्या फोनवरून उम्म जुहैरला बोलावलं. तिने कळवल्यावर नायेफही धावत आला.
"माझ्याशिवाय उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!"
उम्म जुहैरने अंगठ्याने टायर दाबून बघितलं. "तिला काय ओरडतोस? हे बघ. माझ्या नवऱ्यासारखं बसलंय, हवाच नाही."
टायर मऊ. ब्रेकचा दांडा टेकणार कशावर?

१२ फेब्रुवारी
नायेफने सायकलचा पंप आणला. हवा भरली. आधी हवा, मग ब्रेक — रिहाबने फोनवर सांगितलं, मऊ टायरवर माप घेतलंत तर सगळं चुकतं. मी पलंगावर, रिकामी खुर्ची पुढ्यात. ब्रेकच्या पकडीचे बोल्ट सैल केले, पकड किंचित चाकाकडे सरकवली, आवळली. दुसरी बाजूही तशीच. लावताना थोडा जोर लागला पाहिजे, पण माझ्या हाताला झेपेल एवढाच. मग खुर्ची जोरात ढकलली. हलली नाही.
नायेफ म्हणाला, "छान." मग पुन्हा मुठी धरल्या.

२२ फेब्रुवारी
ऊन होतं. आमच्या सॉल्ट गावाच्या उतारावर पहिल्यांदा बाहेर. नायेफने खुर्ची पाठमोरी करून, स्वतः खालच्या बाजूला राहून, हळूहळू उतरवली. चालत्या खुर्चीला ब्रेक लावायचा नाही, माणूस पुढे फेकला जातो. ब्रेक थांबल्यावर. खाली भिंतीपाशी सपाट जागा आहे, तिथे थांबलो.
"ब्रेक लाव आणि हात सोड," मी म्हटलं.
"नको."
"नायेफ, सोड."
"एकदा सोडला होता."
भिंतीवरून एक मांजर गेलं.
"हो," मी म्हटलं. "सोडला होतास. म्हणून आता जन्मभर मी तुझ्या मुठीत राहू?"
त्याने हात सोडले. पीठ लागल्यासारखे ते अंगापासून लांब धरून उभा राहिला. खुर्ची जागची हलली नाही. मला वाटलं होतं, हे बोलले की आत काहीतरी फुटेल. काहीच झालं नाही.

२७ फेब्रुवारी
त्याला म्हटलं, थोडे दिवस करक गावी बहिणीकडे जाऊन ये.
"आणि तू एकटी?"
"शेजारी उम्म जुहैर आहे. रिहाब येते."
"रागावलीस?"
"नाही." खरं तेच होतं.
त्याने लबनेहचं घट्ट दही, अंडी, ब्रेड, सगळं खालच्या फळीवर रचलं, माझा हात पोचेल तिथे. गेला.

१ मार्च
दोन्ही ब्रेक. खुर्ची हलवून खात्री. फुटरेस्ट वर. सरकले. बसले. "सांभाळून" म्हणायला कोणी नव्हतं.
दुपारी चहा पिताना राग आला. कुठून आला कळलं नाही. त्या फोनचा, शिडीचा, नायेफच्या पांढऱ्या बोटांचा, माझ्या पायांचा. कप भिंतीवर फेकला. मग रडले. उम्म जुहैर आली, तुकडे गोळा केले. "हा सेट मला कधीच आवडला नव्हता," एवढंच म्हणाली.

५ मार्च
नायेफचा फोन. "येऊ का?" त्या शिडीनंतर त्याने पहिल्यांदाच काही करण्याआधी मला विचारलं आणि उत्तरासाठी थांबला. मीही घाई केली नाही.
मग म्हटलं — ये. किल्लीने उघडू नकोस. बेल वाजव. दार मी उघडते.