तीन लाख चार हजार दोनशे सदतीस

४ नोव्हेंबर २०२४
हे म्हणतात शिकवणी पुन्हा सुरू करणार! अर्धांगवायूच्या झटक्याला दहा आठवडेसुद्धा झाले नाहीत. चालतात, बोलतात, पण आकडे मोजायला लागले की लहानपणीचं कानडी तोंडात येतं. सोलापुरात जन्मभर मराठीतून गणित शिकवलेला माणूस! नववीच्या सहा मुली वाट बघताहेत. चुकीचं शिकवलं तर? मी स्पष्ट सांगितलं, आधी परीक्षा. हसले. "घ्या की, बाई!"

५ नोव्हेंबर
संख्या मीच तयार केली. ३०७ आणि ९९१, दोन्ही मूळ. गुणाकार ३,०४,२३७. म्हणजे तिला भाग जाणार तो या दोघांनीच. पोळ्या लाटता लाटता तोंडी सांगितली — तीन लाख चार हजार दोनशे सदतीस, अवयव पाडा. कॅल्क्युलेटर माझ्याकडे.

६ नोव्हेंबर
दिवसभर भागाकार. जेवायला दोनदा हाक मारली.

७ नोव्हेंबर
सकाळी ओरडतच आले, "ऐवत्तमूरु! त्रेपन्न गं, त्रेपन्न!" मी भाग घालून पाहिला. बाकी १७.
"जात नाही."
"जातोय की! आणि दुसरा—"
"जात नाही म्हणजे नाही."
वही पुढे केली. मी बघितली नाही. बघायचं काय होतं? बाकी सतरा!
दुपारी सहाही घरी फोन केले, दुसरी शिकवणी बघा म्हणून. काव्याचे वडील संगमेश म्हणाले, "सर पोरीला लई आवडायचे. पण वरीस वाया जायला नको की, बाई." बरोबर बोलले. मी केलं तेही बरोबरच. मग मघापासून एकाच जागी का बसून आहे, कळत नाही.

९ नोव्हेंबर
जेवतात. गोळ्या घेतात. फळ्यावर फडकं टाकून ठेवलंय.

१२ नोव्हेंबर
आवरताना ती वही हाती आली. सात, अकरा, तेरा... एकेक मूळ संख्या घेऊन भागाकार, प्रत्येकाची बाकी शेजारी. अक्षर थोडं थरथरलेलं, चूक एकही नाही. शेवटी ५३ × ५७४१. गुणून पाहिलं — ३,०४,२७३. वर लिहिलेली संख्याही तीच. २७३!
सदतीस. आपल्यात आधी सात ऐकू येतात, मग तीस. कानडीत आधी तीस, मग सात, लिहितात त्याच क्रमाने. ह्यांनी कानावर पडलं तसं लिहिलं, आधी सात, मग तीन. अक्कलकोटकडच्या कानडी मुलांची हीच चूक मी वर्गात तीस वर्षं लाल पेनाने गोल केली, आणि घरात ओळखली नाही!
डोकं शाबूत आहे. दिलेलं गणित अचूक सोडवलं होतं.
जाऊन सांगितलं. ह्यांनी वही ओढून घेतली. मग म्हणाले, "पुढचं ऐकून तरी घ्यायचं होतंस." आणि लगेच, "उद्या पोरींना बोलाव."

१३ नोव्हेंबर
सहाही घरी फोन केले. सहाही जणींनी दुसरीकडे नाव घातलंय. ह्यांना सांगायचं राहिलंय. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून चार वाजल्यापासून फळ्यापाशी बसलेत.